परसातलं अनोळखी फळझाड: ओळख कशी पटवायची

अलिबागजवळ आमच्या मावशीची वाडी आहे. विहिरीच्या कडेला एक झाड, पंधरा-सोळा फूट उंच, गर्द हिरवं, पान तोडलं की पांढरा चीक येणारं. घरात सगळे त्याला चिकूच म्हणत, कारण वीसेक वर्षांपूर्वी काकांनी तिथे चिकूचं कलम लावलेलं सगळ्यांना आठवत होतं. पण त्याला चिकू कधी धरले नाहीत. उन्हाळ्यात लिंबोळीएवढी पिवळी फळं यायची, पक्षी ती खायचे, खाली सडा पडायचा आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, "झाड बिघडलंय, तोडून टाका." शेवटी मावशीनेच मला गाठलं. "अरे, तू एवढा झाडांच्या मागे असतोस, बघ ना एकदा, याला झालंय काय?"

ते झाड ओळखायला मला जवळजवळ वर्ष लागलं. आता तेच काम दोन-चार फेऱ्यांत होईल, कारण कुठून सुरुवात करायची ते कळलंय. जुनं घर विकत घेतलेल्यांना, गावच्या घरी बऱ्याच वर्षांनी परतलेल्यांना हा प्रश्न हटकून पडतो. त्यांच्यासाठी ही सगळी रीत सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट: चाखून बघू नका

"थोडंसं चाटून बघू, कडू लागलं तर थुंकू" हा विचार मनातून काढून टाका. आपल्याकडे घराच्या आसपास वाढणाऱ्या झाडांत खरोखर जीवघेणी झाडं आहेत आणि त्यांची फळं दिसायला अगदी खाण्यासारखी असतात.

काजऱ्याचं फळ पिकलं की छोट्या संत्र्यासारखं गोल, नारिंगी दिसतं. आतला गर बुळबुळीत, आणि त्यात कोटाच्या बटणासारख्या चपट्या बिया. त्या बियांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं. खाडीच्या कडेला सुकणूची झाडं असतात. त्याचं हिरवं फळ लांबून कैरीच वाटतं, पण त्याची बी हृदयावर घात करते. कुंपणाला लावलेल्या पिवळ्या कण्हेरीचंही तसंच. मोगली एरंडाच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी दवाखाना गाठावा लागतो. बिब्ब्याचं तेल तर नुसतं कातडीला लागलं तरी फोड येतात.

"पक्षी खातात म्हणजे चालेल" हेही खरं नाही. काजऱ्याच्या फळाचा गर धनेश आवडीने खातो, त्याला काही होत नाही. माणसाचं पोट धनेशाचं नाही.

लहान मुलाने अनोळखी फळ खाल्लंच तर घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढायच्या मागे लागू नका. सरळ दवाखान्यात न्या, आणि जाताना त्या झाडाची पानांसकट डहाळी आणि उरलेलं फळ पिशवीत घेऊन जा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

बुंध्यापासून सुरुवात

बहुतेक जण फळ हातात घेऊन बसतात. माझा अनुभव असा की फळ शेवटी बघावं. ते वर्षातून महिना-दोन महिने असतं. बुंधा आणि पान बाराही महिने समोर असतं.

झाड कुठे उभं आहे ते बघा. उकिरड्याजवळ किंवा मोरीच्या पाण्यावर उगवलं असेल तर ते बहुधा घरातल्या कचऱ्यातून आलेलं असतं: आंबा, फणस, पपई, सीताफळ, पेरू. तारेखाली, गडग्याच्या कडेला किंवा दुसऱ्या मोठ्या झाडाखाली असेल तर पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी बी टाकलेली: जांभूळ, तुती, भोकर, देशी बदाम. ओळीत, ठरावीक अंतरावर किंवा आळं करून लावलेलं दिसत असेल तर कुणीतरी हौसेने लावलेलं आहे, आणि तसं असेल तर ते कलम असण्याची शक्यता मोठी.

कलम असेल तर खाली वाका आणि जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीपर्यंतचं खोड नीट न्याहाळा. माती, वाळलेली पानं बाजूला करा. कलमाच्या सांध्यावर खोड किंचित फुगलेलं असतं किंवा तिरकं वळलेलं असतं. सांध्याच्या खालची आणि वरची साल वेगळी दिसते, रंगाला नाही तर पोताला तरी.

मावशीच्या झाडापाशी मी असाच वाकलो. सांध्याच्या जागी हाताच्या अंगठ्याएवढं एक वाळलेलं, काळं पडलेलं थोटूक होतं आणि जिवंत खोड त्याच्या *खालून* फुटून वर गेलं होतं. मी मावशीला विचारलं, "लहानपणी या झाडाला काही झालं होतं का गं?" ती जरा थांबून म्हणाली, "गुरं शिरली होती एकदा. शेंडा पार खाल्ला होता. नंतर पुन्हा फुटलं म्हणून बरं वाटलं होतं आम्हाला."

तिथेच निम्मं कोडं सुटलं. कलम म्हणजे दोन झाडं असतात: वर हवं ते, खाली खुंट, म्हणजे मुळांचा आधार देणारं दुसरं झाड. वरचं मेलं आणि खुंट फुटला की झाड तेच दिसतं, जागा तीच असते, पण जात निराळी असते. आपल्याकडे चिकूची कलमं खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणी म्हणजेच रांजण. विदर्भात संत्र्याचा डोळा (न फुटलेला अंकुर) जंबेरीच्या खुंटावर भरतात; तिथे वरचं संत्रं वाळून खालचे पाणसोट (जोमदार उभे फुटवे) वाढले की काटेरी, दणकट झाड होतं आणि त्याला खडबडीत सालीची आंबट फळं लागतात. कलमी बोराचं रानबोर होतं तेही असंच. "झाड बिघडलं", "जात उलटली" असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा गोष्ट एवढीच असते.

पान: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एक डहाळी हातात घ्या, नुसतं एक पान नको. पहिला प्रश्न: पानं समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक? पेरू, जांभूळ, जाम, करवंद, कोकम यांची पानं जोडीने येतात. आंबा, फणस, काजू, सीताफळ, लिंबू यांची एकाआड एक. चिकू आणि खिरणीचीही एकाआड एकच, पण फांदीच्या टोकाला इतकी दाटीने येतात की झुबका वाटतो.

दुसरा प्रश्न: जे दिसतंय ते पूर्ण पान आहे की पर्णिका, म्हणजे एकाच पानाच्या अनेक सुट्या भागांपैकी एक? हे ओळखायची खूण म्हणजे डोळा. खऱ्या पानाच्या देठाच्या बगलेत बारीकसा डोळा असतो, पर्णिकेच्या बगलेत तो नसतो. बेलाच्या तीन पर्णिका मिळून एक पान. कवठाच्या पाच-सात असतात, आणि त्या चुरगळल्या की बडीशेपेसारखा वास येतो. अंबाडा, चिंच, बिमला, करंबळ (स्टारफ्रूट) ही सगळी अशीच संयुक्त पानांची. आवळा मात्र फसवतो: त्याची बारीक पानं पर्णिका वाटतात, पण ती पूर्ण पानंच असतात, आणि ज्याला आपण पान समजतो ती त्याची गळून पडणारी छोटी डहाळी.

तिसरं काम, आणि हे मला फार आवडतं: पान उन्हाकडे धरा. लिंबूवर्गातलं असेल तर पानभर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके चमकतात. ते तेलाचे थेंब. पेरू आणि जांभळाच्या घराण्यातही ते दिसतात. जांभळाच्या पानात आणखी एक खूण आहे. बारीक शिरा कडेपर्यंत पोचत नाहीत, कडेच्या आत एक शीर सगळ्या पानाला गोल फिरते, पातळाच्या काठासारखी. एकदा ती दिसली की जांभळाचं पान पुन्हा चुकत नाही.

लिंबूवर्ग आहे हे कळलं की देठाकडे बघा. पपनसाच्या देठाला रुंद पंख असतात, जणू मोठ्या पानाखाली दुसरं लहान पान जोडलंय. कागदी लिंबाचे पंख अरुंद, महाळुंगाला जवळजवळ नाहीतच.

मग पान चुरगळा आणि वास घ्या. आंब्याच्या पानाला कैरीचा वास येतो. सीताफळाच्या पानाचा वास उग्र, बऱ्याच जणांना नकोसा. बुडापासून तीन ठळक शिरा निघालेलं, जोडीने येणारं चकचकीत पान असेल तर चुरगळून बघणं फारच महत्त्वाचं: मसाल्याचा वास आला तर दालचिनी. काजऱ्याचं पानही असंच, बुडापासून तीन-पाच शिरांचं, जोडीने येणारं असतं, पण त्याला तो वास नसतो. अशा पानाचं झाड अंगणात असेल तर मुलांना लांब ठेवा आणि ओळख पक्की होईपर्यंत त्याचं काहीही वापरू नका.

मावशीच्या झाडाचं पान मी तिच्या शेजारच्या खऱ्या चिकूच्या पानाशेजारी ठेवलं. दोन्ही जाडसर, दोन्हींतून पांढरा चीक. पण चिकूचं पान दोन्ही टोकांना निमुळतं होतं. या पानाचं टोक बोथट होतं, आणि मधोमध नखाने हलकेच चिमटा काढावा तशी खाच. खिरणीची हीच खूण. एका पानावर विसंबायचं नाही म्हणून वेगवेगळ्या फांद्यांची वीस पानं पाहिली. दोन-चार सोडली तर सगळ्यांना खाच होती. पानं नेहमी अशी पुष्कळ बघावीत, आणि पूर्ण वाढलेली. कोवळी पालवी आणि बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं आकाराला, रंगाला फार वेगळी असतात.

चीक आणि साल

चीक बघताना डोळ्यांना हात लावू नका, आणि आधी हातांना खोबरेल लावा. पांढरं दूध निघालं तर फणस, उंबर, अंजीर, चिकू, खिरणी, करवंद ही शक्यता. पण पिवळी कण्हेर आणि सुकणूलाही पांढरं दूधच असतं, म्हणून पांढरा चीक म्हणजे खाण्यालायक असं मुळीच नाही. पिवळा चीक आला तर कोकमाच्या घराण्याकडे वळा.

सालीवरून पेरू लगेच कळतो: गुळगुळीत, पातळ पापुद्रे सुटणारी, खाली हिरवट तपकिरी. बाकी सालीवर मी फार भर देत नाही. वय, सावली, ओल यांनी ती बदलते.

फूल, आणि फळ न धरणारं झाड

फुलं पुष्कळदा थोड्याच दिवसांत आटपतात, म्हणून दर रविवारी झाडाखाली जाऊन जमिनीवर काय पडलंय ते बघत जा. ब्रशासारखे असंख्य पुंकेसर पडलेले दिसले तर जांभूळ, जाम, पेरू यांचं घराणं. मांसल, हिरवट, तीन पाकळ्यांचं खाली लोंबणारं फूल म्हणजे सीताफळ-रामफळाचं. फुलं किंवा फळं फांदीच्या शेंड्याला नसून थेट खोडावर, जाड फांद्यांवर येत असतील तर शक्यता एकदम थोड्या उरतात: फणस, उंबर, बिमला, रायआवळा. बिमल्याची फुलं लालसर जांभळी आणि पानाला खूप पर्णिका. रायआवळ्याची फळं फिकट पिवळी, फाकी पाडलेली, घोसाने.

फुलं येतात पण फळ कधीच धरत नाही, असंही एक झाड पुष्कळांच्या परसात असतं. कोकणात असाल तर पहिला संशय रातांब्यावर, म्हणजे कोकमावर घ्या. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते फुलेपर्यंत कळत नाही. जायफळ आणि पपईचंही तेच. कोकमाचं झाड देवळाच्या कळसासारखं निमुळतं वाढतं, फांद्या खाली झुकतात, कोवळी पालवी लालसर असते. नर झाड "वांझ" म्हणून तोडायची घाई करू नका. आसपासच्या माद्या त्याच्या परागावर अवलंबून असू शकतात.

फळ आडवं कापा

फळ मिळालं की बाहेरून तीन गोष्टी टिपा: आकार, देठ कुठे, आणि फुलाची हिरवी वाटी कुठल्या टोकाला राहिली आहे. पेरू, डाळिंब, जाम यांना ती देठाच्या विरुद्ध टोकाला असते, मुकुटासारखी. चिकू, खिरणी यांना ती देठापाशीच चिकटलेली असते. ही एकच खूण अर्धी झाडं बाजूला काढते.

मग सुरीने मधोमध आडवं कापा. उभं नको, आडव्या कापात कप्पे दिसतात. लिंबाच्या फाकी, करंबळाचा पाच टोकांचा तारा, पेरूच्या गराभोवतीची बियांची कडी, सगळं आडव्या कापात स्पष्ट होतं. बिया मोजा, धुवा, वाळवा आणि कागदी पुडीत तारीख घालून ठेवा.

मावशीच्या झाडाची फळं मे महिन्यात पिकली. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, पिवळीधमक. कापल्यावर आत एकच बी, लालसर तपकिरी, पॉलिश केल्यासारखी चकचकीत. सुरीच्या पात्याला चीक चिकटून पातं कागदावरून उचलेना. चिकूत काळ्या, चपट्या बिया असतात, बहुधा तीन-चार. खुंट, खाचेचं पान, एका बीचं पिवळं फळ: तिन्ही खुणा एकाच नावाकडे बोट दाखवत होत्या. खिरणी. शंका उरली नाही तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, आम्ही ती खाल्ली. पूर्ण पिकलेली, रात्रभर ठेवलेली खिरणी खूप गोड असते. ओठांना चीक चिकटतो, त्यावर थोडं तेल लावलं की निघतो. गुजरातेत हिलाच रायण म्हणतात आणि उन्हाळ्यात ती बाजारात विकायला येते.

सीताफळ, रामफळ आणि मामफळ या तिघांत लोक इतके गोंधळतात की थोडं वेगळं सांगतो. सीताफळाचं पान लहान, फिकट, चकाकी नसलेलं. फळाचे डोळे सुटे. ते पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत मिळतं. रामफळाचं पान लांबट, अरुंद. फळ हृदयाच्या आकाराचं, जवळजवळ गुळगुळीत, तांबूस. ते उन्हाळ्याच्या तोंडावर येतं. मामफळ, ज्याला कुणी लक्ष्मणफळ तर कुणी हनुमानफळ म्हणतं, त्याचं पान वरून तेल लावल्यासारखं चकचकीत, फळ मोठं, हिरवं, मऊ काट्यांचं. तिघांच्याही बिया फोडू नका. त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते.

वही, फोटो आणि मोबाइलचं अॅप

एक साधी वही करा. पालवी कधी, फूल कधी, पानगळ कधी, फळ कधी, कुठले पक्षी आले. तारीख घालून एक-एक ओळ पुरे.

फोटो काढताना लांबून पूर्ण झाड, बुंधा, पानं जोडलेली डहाळी, पानाची वरची बाजू, पानाची *खालची* बाजू, फूल समोरून आणि बाजूने, आडवं कापलेलं फळ, बिया, इतके काढा. शेजारी एखादं नाणं किंवा पट्टी ठेवा, नाहीतर आकार कळत नाही.

मोबाइलचं अॅप वापरायला हरकत नाही, पण त्याचं उत्तर ही चौकशीची सुरुवात समजा. मी पानाचा, फुलाचा आणि फळाचा फोटो वेगवेगळा देऊन बघतो. तिन्ही वेळा तेच नाव आलं तर ते वहीत लिहितो आणि खुणा ताडून बघतो. तीन नावं आली तर अॅपला ते झाड कळलेलं नाही. खायचं की नाही हा निर्णय मात्र अॅपवर कधीही सोपवू नका.

माणसांना विचारताना

गावातली जुनी माणसं, वाडीत काम करणारे गडी, रानात गुरं नेणारे, यांना झाडं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतात. मावशीच्या वाडीत नारळ पाडायला येणाऱ्या आजोबांना मी शेवटी फळ दाखवलं तर ते लगेच म्हणाले, "ही रांजण. तुम्ही मला आधी का नाही विचारलंत?" आधीच विचारायला हवं होतं, हे खरं.

पण नुसत्या नावावर थांबू नका, कारण नाव गावागणिक बदलतं. विदर्भात जाम म्हणजे पेरू, कोकणात जाम म्हणजे पाणीदार, घंटेसारखं फळ. करमळ म्हटलं की कुणाच्या डोळ्यासमोर चांदणीसारखं फळ येतं, तर कुणाच्या डोळ्यासमोर करवती पानांचं, मोठ्या पांढऱ्या फुलांचं जंगली झाड. म्हणून नाव मिळालं की पुढे विचारा: फळ कधी येतं, कसं खातात, लाकडाचं काय करतात? सांगणारा खरंच तेच झाड सांगतोय का, ते या उत्तरांतून कळतं. शेवटी शास्त्रीय नावाशी गाठ घाला. खिरणी म्हणजे मॅनिलकारा हेक्झांड्रा, चिकू म्हणजे मॅनिलकारा झपोटा. नावाचा पहिला भाग एकच, म्हणजे दोघी एकाच घरातल्या, आणि म्हणूनच एकीवर दुसरीचं कलम बसतं.

एवढं करूनही नाव सापडलं नाही तर

नमुना वाळवा. वीतभर लांबीची डहाळी घ्या, शक्यतो फुलाफळांसकट. वर्तमानपत्राच्या घडीत पानं पसरून ठेवा. एक-दोन पानं उलटी ठेवा, म्हणजे खालची बाजू दिसेल. वर जड पुस्तकं किंवा पाट ठेवा. पहिला आठवडा रोज कागद बदला, पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी येते. सोबत चिठ्ठी हवी: गाव, तारीख, झाडाची उंची, चिकाचा आणि फुलाचा रंग, कारण वाळल्यावर रंग जातात.

हा नमुना जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. कोकणातल्या फळझाडांसाठी दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधला ब्लॅटर हर्बेरियम, या ठिकाणी वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. जाण्याआधी चौकशी करा, आणि नुसतं पान नेऊ नका. फूल किंवा फळ नसेल तर तज्ज्ञालाही घराण्यापलीकडे जाणं अवघड होतं.

ओळख पटल्यावर

मावशीला दोन पर्याय होते. खिरणीच्या जोमदार फुटीवर पावसाळ्यात पुन्हा चिकूचं कलम बांधायचं, किंवा आहे तसं ठेवायचं. तिने एका बाजूच्या फुटीवर कलम बांधून घेतलं आणि बाकीचं झाड तसंच राखलं, कारण मे महिन्यात तिथे पक्षी येतात आणि तिला सकाळी ते बघायची सवय झाली आहे.

तुम्ही काहीही ठरवा, पण नाव कळलं त्याच दिवशी झाडाला पाटी लावा. डब्याच्या पत्र्याचा तुकडा कापून कडा दुमडा, खिळ्याने टोचून नाव आणि साल कोरा. रंगाने लिहिलेलं दोन पावसाळ्यांत जातं. पाटी खोडाला ठोकू नका, फांदीला तारेने अडकवा. तार सैल ठेवा, तिच्यातून दोन बोटं सहज जावीत, आणि दरवर्षी ती आणखी थोडी सैल करा, म्हणजे वाढत्या फांदीत ती रुतणार नाही.